पत्रा, पीस आणि साबितूची शेळी

मला हे सांगायचं नाही. आधीच बजावून ठेवतो. पण घरी कोणीही आलं की पाणी पितं, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बघतं आणि विचारतं, "काका, नातीच्या लग्नात तुम्ही असे बोडक्या डोक्याने का उभे?" झालं! माझी मुलगी रोलाके तोंडावर हात ठेवून आत पळते. तिची आई चुलीपाशी खिदळते. आणि रोलाकेची लेक, माझी नात सिजुआदे, जिच्या लग्नासाठी एवढं केलं, ती म्हणते, "आजोबा, तुम्हीच सांगा ना. तुमच्या तोंडून ऐकायला मजा येते." म्हणजे फजिती माझी, आणि सांगायचीही मीच. बरं. घ्या.

मी पत्रे ठोकणारा माणूस. आमच्या अबेओकुटा गावातल्या निम्म्या घरांवरचे पत्रे माझ्या हातचे. (गळतात ते उरलेल्या निम्म्यातले.) एकदा एका छपरावरून शिडी न वापरता खाली आलो, तेव्हापासून गुडघे गेले. मग घरी बसून साचे कापायला लागलो. पत्र्याच्या तुकड्यात छिन्नीने नक्षी कापायची. बायको तो साचा कापडावर ठेवते, वरून कसावाची खळ फासते, खळ वाळली की कापड निळीच्या रांजणात बुडवते. खळीखालचं पांढरं राहतं, बाकीचं निळं होतं. एवढंच शास्त्र. यावर शिकलेले लोक पुस्तकं लिहितात म्हणे. लिहोत बिचारे.

सिजुआदेचं लग्न ठरलं. दोन्हीकडच्या माणसांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे ही आमची रीत. पण ते कापड छापायचं कसं, यावरून घरात तीन पक्ष पडले.

रोलाके कॉलेजात गेलेली, त्यामुळे तिला सगळंच येतं. ती म्हणाली, "स्क्रीन प्रिंटिंग करून आणू. लाफेन्वाच्या बाजारात एक जण करतो. जाळी ठेवली, रंग ओढला, संपलं."

"त्या कापडाला मागची बाजूच नसते," तिची आई म्हणाली. "उलटवलं की पांढरं फटक. मी लग्नात सगळ्यांकडे तोंड करूनच फिरायचं का?"

"मग तू काय करणार?"

"कोंबडीच्या पिसाने खळीची नक्षी काढणार. हाताने. माझ्या आईने माझ्या लग्नात काढलं होतं."

"आई, एवढ्या जणांचं कापड पिसाने काढायचं तर ते सिजुआदेच्या बाळाच्या बारशाला होईल."

"साचा," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. मी परत म्हणालो, "साचा! पिसापेक्षा भरभर, जाळीपेक्षा देखणा."

"अहो, गुडघे दुखताहेत का?" बायकोने विचारलं. (मी आवाज चढवला की या घरात तेल गरम करतात.)

"स्क्रीन ठरलं तर बाबांनाही आराम मिळेल," रोलाके लाडाने म्हणाली.

आराम! मोडकं स्टूल ज्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात, त्या कोपऱ्याचं नाव आराम. नातीच्या लग्नाच्या कापडावर जर माझा साचा नसेल, तर उद्यापासून मी या घरात फक्त आमालाचे उकडीचे गोळे खाणारा एक जण. हे मला स्वच्छ दिसत होतं. बोललो नाही. परत तेल आलं असतं.

शेवटी ठरलं, तिघांनी एकेक नमुना करायचा आणि नवरदेवाच्या इबिदुनआत्याने त्यातून निवडायचा. कोणाचा कुठला हे तिला सांगायचं नाही. या आत्याचा दरारा असा, की ती अंगणात आली की कोंबड्यासुद्धा रांगेत चालतात.

मी माशांचा साचा तर कापलाच, शिवाय खळही स्वतः शिजवली. दुसऱ्याच्या हातावर कशाला विसंबा? बायको डोकावली.

"मोरचूद घातलं का खळीत?"

"कशाला?"

"कडू असतं. कशालाही तोंड लावू देत नाही."

"मोरचूद म्हणजे बायकांचं खूळ. मी पत्र्यांना कधी मोरचूद लावलं होतं?"

"पत्रे शेळ्या खात नाहीत, रोलाकेचे बाबा."

"माझी खळ मला कळते."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. इतका संसार झाला, पण तिच्या 'बरं'ची भीती अजून गेलेली नाही.

दुपारी दोन कापडं अंगणात चटयांवर वाळत पडली. एक तिचं पिसाचं, एक माझं. रोलाकेचं लाफेन्वाहून घडी घालून, कागदात गुंडाळून आलेलं होतं. त्याला कसलं ऊन नि कसलं काय. मला खुर्ची देऊन राखणीला बसवलं. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी खुर्ची जराशी फिरवली. बस, केलं ते एवढंच. (फिरवल्यावर पाठ नेमकी बायकोच्या कापडाकडे झाली, यात माझा काय दोष? अंगणच तसं आहे. आणि एखादी शेळी आलीच असती, तर ती तिच्या कापडाकडेच जावी असं माझ्या मनात होतं, हे रोलाके सांगते. मी सांगत नाही.)

सावली गार होती. डोळा लागला. मागे कोणीतरी फुर्रकन शिंकल्याचं ऐकलं, पण वाटलं शेजारची साबितू आली असेल. ती तशीच शिंकते. थोड्या वेळाने समोरून लपालप लपालप असा आवाज आला. डोळे उघडले तर साबितूची शेळी. बायकोच्या खळीला तोंड लावून, कडू लागल्यावर शिंकून, मला वळसा घालून ती माझ्या कापडावर आली होती. आणि गरोदर बाईला डोहाळे लागावेत तशी चाटत होती.

हाकलली. पण नक्षी म्हणजे काय उरलं होतं! कुठे अर्धा मासा, कुठे नुसतं शेपूट, आणि सगळीकडे जिभेचे फराटे.

"वाळलं का हो?" आतून आवाज.

मी कापड गोळा करून छातीशी धरलं. "वाळलं! मीच बुडवतो."

"तुम्ही? आणि गुडघे?"

"आज छान आहेत!"

नवा नमुना करायला वेळ नव्हता. बुडवला, वाळवला, खळ खरवडली, आणि देवावर हवाला ठेवला.

शनिवारी इबिदुनआत्या आल्या. तीनही कापडं दोरीवर. पहिल्याला त्यांनी हात लावला, उलटवलं आणि सोडून दिलं. "हे एका बाजूने हसतं आणि दुसऱ्या बाजूने ओळख दाखवत नाही." रोलाकेचं तोंड उतरलं. दुसरं त्यांनी बराच वेळ गालाला लावून धरलं. "हे सोन्यासारखं आहे. पण एवढं पुरं व्हायला माझं आयुष्य पुरायचं नाही." मग त्या तिसऱ्यापाशी थांबल्या. मी घसा साफ केला. (नावं सांगायची नव्हती. खोकायचं नाही असं ठरलं नव्हतं.)

"हे कोणी केलं?"

मी परत खोकलो.

"मासे पुरात वाहून चाललेत असं वाटतं. पांढरं, निळं आणि मधलं हे पुसट निळं! असा मोकळा हात मी बघितला नाही. लग्नाला हेच. नाव काय या नक्षीचं?"

"ओगुन नदीचा पूर," मी म्हणालो. कुठून सुचलं कोण जाणे. रोलाके माझ्याकडे बघत राहिली. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती कापडाकडे बघत होती. एका कोपऱ्यात खुराची खूण होती.

"वा, बाबा! मग मला करून दाखवा," आत्या म्हणाल्या आणि माझ्याच खुर्चीत बसल्या. "हा पूर कसा आणता ते बघितल्याशिवाय मी जायची नाही."

आता काय करता? साचा ठेवला, उरलेली खळ फासली, साचा उचलला. मासे कसे शिपायांसारखे रांगेत उभे. मग ओलं फडकं घेऊन पुसलं. मासे मेले. फणीने ओढलं. माशांचं कालवण झालं.

"असं नव्हतं ते," आत्या म्हणाल्या.

"हात गरम व्हावा लागतो."

"जिभेने करून बघा," बायको शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात फाटक ढकलून साबितूची शेळी आत आली. मला वाटलं, आत्याला बघून तरी पळेल. छे! सरळ आली, फडक्यासकट मला बाजूला सारलं आणि आत्याच्या पायापाशी लपालप सुरू. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पूर आला.

 आत्यांनी शेळीकडे बघितलं, दोरीवरच्या कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कारागीर हा," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कोण?"

"साचा माझा आहे," मी म्हणालो.

"हो हो, साचा यांचा आहे," असं म्हणत बायको जी हसायला लागली, ती जमिनीवर बसली. रोलाके बसली. आत्यासुद्धा! त्या बाईला हसता येतं हे त्यांच्या माहेरीसुद्धा कोणाला ठाऊक नसेल.

कापड तेच ठरलं. मी साचे ठेवायचे, खळ बिनमोरचुदाची, आणि मग साबितूची शेळी सोडायची. साबितू म्हणाली, "माझी शेळी फुकट राबणार नाही," म्हणून तिला रोज सुरणाच्या साली. मला साली नाहीत. दोरी धरायचं काम मात्र माझंच. तिचं पोट भरलं की काम बंद, मग तिला भूक लागेपर्यंत सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. रोलाके शेळीला म्हणायची, "दमलीस का ग? आराम कर." तिला आराम म्हणताना कोपरा दाखवत नव्हतं कोणी.

पण कापड झालं. आणि बघा, शेपटं असोत, अर्धे मासे असोत, नातीच्या लग्नाच्या कापडावर साचा माझाच होता. त्याच कापडाची माझी टोपी शिवली. बायकोने ती ताठ उभी राहावी म्हणून स्वतः खळ करून तिच्यात बुडवली आणि लग्नाच्या सकाळी दोरीवर वाळत घातली. मला भरूनही आलं. सांगितलं नाही कोणाला.

न्हाऊन बाहेर आलो तर दोरीवर फक्त चिमटा. खाली साबितूची शेळी, आणि तिच्या तोंडातून टोपीचं एक निळं शेपूट लोंबतंय.

"रोलाकेची आई! टोपीच्या खळीत मोरचूद घातलं नव्हतंस?"

ती नव्या कपड्यात नटून दारात उभी होती.

"मोरचूद?" ती म्हणाली. "ते तर बायकांचं खूळ ना?"

म्हणून फोटोत मी बोडका आहे. आत्यांनीच शेळीला कामाला लावलं म्हणून मुलाकडचे सगळे येऊन माफी मागून गेले. साबितूनेही मागितली, शेळीचा कान धरून तिच्याकडूनही मागवली. एकच व्यक्ती राहिली आहे. मी वाट बघतोय. तिचं नाव रोलाकेची आई.