फलकावरची ताई

"या बाजारात खोट्या कमरेची जाहिरात लागणार नाही, म्हणजे नाही!" व्यापारी मंडळाच्या सभेत मी टेबलावर हात आपटला आणि वाचकहो, एका बैठकीत नियम मंजूर करून घेतला. जाहिरातीतल्या माणसाचे शरीर संगणकावर बदलले असेल, तर फलकावर तसे लिहायचे, आणि तेही वीतभर अक्षरांत! 'वीतभर' ही सूचना माझीच.

इतरांना धडा मिळावा, म्हणून आमच्या लोकरी कपड्यांच्या दुकानाच्या फलकासाठी मी स्वतःच स्वेटर चढवून बसले. सुरकुत्या, हनुवटीखालची झोळी, सगळे जसेच्या तसे दिसायला हवे होते. फलक लागला, तर वर तिशीतली एक तरतरीत बाई हसत होती! चेहरा इस्त्री केलेल्या चादरीसारखा!

"हे काय करून ठेवलेस?" मी फोटोग्राफरला फैलावर घेतले.

"सवयीनं झालं, आजी," तो चाचरला. "चेहरा समोर आला की हात आपोआप चालतो."

"मोडून ठेवीन तो हात! उतरव आधी!"

एवढ्यात माझी धाकटी बहीण पुढे आली. तिची स्मृती गेली आहे. माझ्याच घरी राहते आणि मलाच 'अहो बाई' म्हणते. तिने वर पाहिले आणि टाळ्या पिटल्या.

"अगं ताई! इथे आहेस होय! कधीची शोधतेय तुला!"

फोटोग्राफर शिडीवर चढला होता. मी म्हटले, "राहू दे."

मग ती रोज फलकापाशी जाऊन गप्पा मारू लागली. तिची पिशवी धरून मी शेजारी उभी!

"ताई, त्या म्हाताऱ्या बाई फार हुकूम सोडतात गं! मला इथून घेऊन जा."

अखेर मंडळाचा चिटणीस, कोपऱ्यावरचा चष्मेवाला, रंगाचा डबा घेऊन दाखल झाला.

"काकू, उतरवा, नाहीतर लिहा."

"थोडी सवलत?"

"सवलत कोणालाच नको, हे तुम्हीच ठणकावलं होतंत!"

उतरवणे माझ्याने होईना. त्याने ताईच्या पोटावर लिहिले: 'या चित्रातील व्यक्तीचे रूप बदललेले आहे.' वीतभर अक्षरे! आंधळ्यालाही दिसावीत अशी.

धाकटीने ते मोठ्याने वाचले आणि माझी बाही ओढली.

"कोणी लिहिलं हे? आमची ताई अशीच आहे! अहो बाई, तुम्हाला सगळे घाबरतात. सांगा ना यांना!"

"अशीच होती," मी कसेबसे म्हटले.

"होती? जिभेला काही हाड? घरी चहा टाकून वाट बघत असेल ती माझी. चला, तिच्याकडे सोडा मला."

मी तिला घरी आणले. चहा टाकला, लहानपणापासून तिला लागतो तसा, दुप्पट साखरेचा. तिने एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

"वाईट वाटून घेऊ नका, बाई," ती म्हणाली, "पण ताईच्या हातची सर नाही!"