एकशे वीस चौरस फुटांचा गालिचा

"क्षेत्रफळ पुस्तकात नसतं हो बाई, आयुष्यात असतं!" चौथीच्या सरांनी मुख्याध्यापिकाबाईंना छाती पुढे काढून सांगितलं.

गेला आठवडाभर सर चौथीला आयुष्य मोजायला लावत होते. बाक मोजून झाला, डब्याचं झाकण मोजून झालं, शिपाईमामा खुर्चीवर डुलक्या घेत असताना त्यांची पाठही मोजून झाली. बाईंना हा गोंधळ पसंत नव्हता, पण सर ऐकतील तर शपथ!

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या आपल्या वाचनखोलीचं उद्घाटन आहे, शिक्षणाधिकारी साहेब येणार आहेत. तिथला गालिचा तुमच्या मुलांच्या मापाने मागवा. जमलं तर तुमचं आयुष्य चालू. फसलं तर परवापासून पुस्तक, फळा आणि खडू!"

सरांना तेवढंच हवं होतं. मधल्या सुट्टीत घरी जाऊन बायकोच्या नव्या मिक्सरचं खोकं कापून त्यांनी एक-एक फुटाचे चौकोन केले. मुलांनी ते वाचनखोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत सरकवत-सरकवत मांडले. एका ओळीत बारा चौकोन, अशा ओळी दहा. बारा दाहे एकशे वीस! एकाही पोराचं उत्तर चुकलं नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "एकशे वीस चौरस फूट गालिचा. लाल. उद्या सकाळी!"

"लांबी-रुंदी किती, सर?"

"अहो, क्षेत्रफळ सांगितलं ना! त्यात सगळं आलं."

"तसं नव्हे, पण माझ्याकडे लाल रंगात तीन फुटी पट्टाच..."

"कितीही फुटी असू द्या! एकशे वीस भरले की झालं!"

"बरं बुवा. तुम्ही गणिताचे सर, तुम्हाला मी काय शिकवणार!"

फरशीवर बसलेल्या मुलांमधून एक हात वर झाला. ही वर्गातली शंकाबाई. दिवसाला चार शंका विचारल्याशिवाय हिला जेवण जात नसे. "सर, त्यांना लांबी-रुंदी सांगायला नको का?"

"गप्प बस बघू!" सर म्हणाले. तिने हात खाली घेतला, पण तिचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गालिचा आला. शिपाईमामांनी तो खोलीतल्या मागच्या भिंतीला टेकवला आणि उलगडायला सुरुवात केली. उलगडला, उलगडला, दाराबाहेर गेला. "सर, अजून आहे!" मामा व्हरांड्यातून ओरडले. थोड्या वेळाने तोच आवाज पार पायऱ्यांपासून आला, "सर, आता संपला!"

तीन फूट रुंद, चाळीस फूट लांब. तीन चोक बारा, त्यावर शून्य. हिशेब चोख होता! सरांनी मनातल्या मनात दोनदा गुणाकार करून पाहिला, दोन्ही वेळा तो बरोबरच आला, आणि ते गालिचा गुंडाळायला धावले.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

"अरे वा!" पायऱ्यांपासून अंथरलेला लाल गालिचा पाहून साहेब खुलले. "एवढा मान कशाला?"

"छे छे, तुमच्यासाठी एवढं करायलाच हवं!" बाई म्हणाल्या आणि सरांकडे इतक्या कौतुकाने पाहिलं की सरांना रडावंसं वाटलं.

साहेब डौलात चालत वाचनखोलीत आले आणि थबकले. मधोमध लाल पट्टी, दोन्ही बाजूंना उघडी फरशी, आणि त्या पट्टीवर अख्खी चौथी तिकिटाच्या रांगेसारखी एकामागे एक बसलेली!

"बाकीची खोली?" साहेबांनी विचारलं.

बाईंच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं. सरांना समोर पुस्तक, फळा आणि खडू दिसू लागले. त्यातच तो ओळखीचा हात वर झाला.

"सर, मला एक शंका आहे."

'आता मेलो,' सर मनात म्हणाले.

"हा पट्टा तीन ठिकाणी कापला तर दहा-दहा फुटांचे चार तुकडे होतील. खोली दहा फूट रुंद आहे. चारही तुकडे शेजारी-शेजारी आडवे टाकले तर तीन चोक बारा. मग खोली भरेल ना?"

शिपाईमामांनी कात्री आणली. तीन काप, चार तुकडे, आणि गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत असा बसला की बोट घालायलाही जागा उरली नाही!

"शाब्बास!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "हे तुला कोणी शिकवलं?"

"आमच्या सरांनी," शंकाबाई म्हणाली. सरांची छाती पुन्हा फुगू लागली. "काल सर चुकले नसते, तर आम्हाला हे कळलंच नसतं."

साहेब पोट धरून हसले. मात्र जाताना त्यांना पायऱ्यांपर्यंत उघड्या फरशीवरूनच चालावं लागलं.

"मोजमाप चालू ठेवा सर," गाडी गेल्यावर बाई म्हणाल्या. "फक्त यापुढे दुकानदाराला फोन तिला करू द्या."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "अहो, पडदे शिवायला टाकायचेत. खिडकी केवढी आहे?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कागद घेऊन त्यांनी निमूटपणे लांबी लिहिली, रुंदी लिहिली, आणि शिंप्याला शंका नको म्हणून शेजारी खिडकीचं चित्रही काढलं.