चंद्रावरच्या मधमाश्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, दुपारची वेळ आहे. खिडकीचा पडदा हळूच फुगतोय, पुन्हा हळूच बसतोय. टेबलावरच्या टॅबलेटमधून कुणीतरी मऊ आवाजात तुम्हाला आख्खं आकाश समजावून सांगतंय. फी नाही, परीक्षा नाही, छडी नाही! मिटलेत डोळे? छान. आता उघडा. मी नेमका तेवढंच विसरलो, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं!

टपाल कचेरीत मी अडतीस वर्षं पत्रं वेगळी केली. समोर दोनशे खणांची मांडणी, हातात गठ्ठा. हात असे चालायचे की डोळ्यांची गरजच पडू नये. एक पत्र कधी चुकीच्या खणात गेलं नाही! निवृत्त झाल्यावर वाटलं, आता याच सफाईनं जगातलं ज्ञान लावून टाकू. इंटरनेटवर फुकट अभ्यासक्रम ढिगानं होते. खगोलशास्त्र, जुन्या नगरांचा इतिहास, मधमाश्यांचं जीवन आणि संगीताचा आस्वाद, अशा चार ठिकाणी मी एकाच सकाळी नाव घातलं.

"फुकट आहे म्हणून किती गिळाल?" आमच्या घरातली आजी, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"अगं, ज्ञानानं कुणाला अजीर्ण होत नाही!"

"नाही, झोप येते," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता भिंगरीविषयी सांगतो. भिंगरी म्हणजे माझी नात, इयत्ता तिसरी. घरात भिंगरी, पण वर्गात धोंडा! गेल्या खेपेला चार ओळी बोलायला उभी राहिली, पहिल्याच ओळीला अडखळली, कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि ही खाली बसली. तेव्हापासून हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. आता बाईंनी तिला पुन्हा बोलायला सांगितलं होतं. विषय चंद्र. तोही उद्याच!

"आजोबा, या वेळी हसले ना, तर मी परत कध्धीच उभी राहणार नाही."

"हसतायत कशाला? तोंडात बोटं घालतील! तू इथं बसून चित्र काढ. मी प्राध्यापकांचं ऐकून टिपणं काढतो."

ती टेबलाच्या एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. चंद्राचा पाठ सुरू झाला. काय तो आवाज! जणू कुणी कानात कापूस पिंजतंय. मी लिहायला लागलो. चंद्रावर हवा नाही... वारा नाही... पाऊलखुणा पुसल्या जात नाहीत...

एक पाठ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, हे मला ठाऊक होतं. पण वेळ वाचावा म्हणून चारही अभ्यासक्रम मी एकाच यादीत लावून ठेवले होते! चंद्र संपला, नगर आलं. नगर संपलं, मधमाश्या आल्या. माझे डोळे केव्हाच मिटले होते. हात मात्र अडतीस वर्षांच्या सवयीनं चालतच राहिला.

जाग आली तेव्हा चार पानं भरलेली! भिंगरी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होती.

"आजोबा, हे सगळं खरं आहे?"

"शंका घेतेस? मोठमोठ्या प्राध्यापकांचे शब्द आहेत ते!" मी न वाचताच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरच्यांनाही बोलावलं होतं. मी शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. भिंगरी फळ्यापाशी उभी राहिली.

"चंद्रावर हवा नाही. तिथल्या पाऊलखुणा पुसल्या जात नाहीत. तिथल्या घरांना दारं नसत. लोक गच्चीतून शिडीनं घरात उतरत."

मी ताडकन ताठ झालो. डोकं मागच्या भिंतीवर आपटलं!

"त्यांच्यापैकी एखादीला फूल सापडलं, की ती घरी येऊन नाचते. तिच्या नाचावरून बाकीच्यांना वाट कळते. शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि एकच बासरी वाजत राहते."

वाक्य न् वाक्य खरं होतं, मुलांनो! फक्त पहिली दोन सोडून प्रत्येकाचा पत्ता चुकला होता. धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. आता हसतील. आता ती बसेल. कायमची!

पण कुणीच हसलं नाही. तीस तोंडं उघडी, तीस जोडी डोळे छताकडे. सगळे शिड्यांवरून चंद्रात उतरले होते.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचा चष्मेवाला उठला. "पण हवा नाही, तर बासरी ऐकू कशी येते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भिंगरी लाल झाली. मी उठलो. "बाई, चूक माझी आहे! मी झोपेत..."

"आजोबा, थांबा," भिंगरी म्हणाली. वर्गात एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली होती. तिनं बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. "बासरी नाही ऐकू येणार. ते चुकलं. पण जमिनीवर टकटक केली आणि जमिनीला कान लावला, तर येईल. जमिनीतून."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "बरोबर! हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकलीस गं?"

"कुठल्याच नाही. आजोबा टेबलावर डोकं ठेवून घोरतात ना, तेव्हा मी दुसऱ्या टोकाला कान लावते. लाकडातून खूप मोठ्ठं ऐकू येतं."

वर्ग खो खो हसला! तिच्यावर नाही, माझ्यावर. आणि सांगतो, इतकं गोड हसू मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

भिंगरी मात्र खाली बसली नाही. तिनं कागद बाईंच्या टेबलावर पालथा ठेवला. "सगळ्यांनी एक कान बाकाला लावा. दुसऱ्यात बोट घाला. डोळे मिटा. आपण चंद्रावर आहोत."

तीस डोकी बाकांवर टेकली. चष्मेवाल्यानं चष्मा काढून ठेवला. बाईंनीही टेबलाला कान लावला, मग मीही लावला. भिंगरी चवड्यांवर चालत रांगांमधून निघाली आणि प्रत्येक बाकावर एका बोटानं हळूच एकदा टकटक करत गेली.

माझ्या बाकाशी आल्यावर तिनं दोनदा वाजवलं.

"आजोबा, जागे आहात ना?"