शालनमावशीचे फास

करोल बागेतल्या दुकानात शालनमावशीनं स्कूटरच्या क्लच केबली मागितल्या, तेव्हा दुकानदारानं साहजिकच विचारलं, "कौन सी गाडी है, माताजी?"

"गाडी नहीं," मावशी म्हणाली. "कोल्हा है."

त्याला वाटलं, बाजारात नवीन मॉडेल आलंय. "पेट्रोल या इलेक्ट्रिक?"

"चार पाँव का," मावशी म्हणाली. मी केबलींचं बंडल उचललं आणि तिला रिक्षात बसवलं.

शालनमावशी ही माझ्या आईची मावसबहीण. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर पुण्याला परतायचं सोडून त्यांनी गुरुग्रामच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी जागा घेतली आणि शेळ्या पाळल्या. मावशीला शेळ्यांचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. पुढे काका गेले. शेळ्या राहिल्या आणि नाक मुरडत मावशीही राहिली. मग या थंडीत कोल्ह्यानं एक करडू उचललं, आणि मावशीनं युद्ध पुकारलं.

"फास हा नाजूक विषय आहे," तिनं मला बजावलं. "लाडवाच्या पाकासारखा. जरा पुढं गेला की बिघडला." कुंपणाला जिथं जिथं भगदाड, तिथं तिथं तिनं केबलीचा एकेक फास लावला.

"मावशी, हे बेकायदेशीर आहे," मी म्हणालो.

"अच्छा? मग आधी त्या कोल्ह्याला नोटीस पाठव."

फासात कोल्हा सोडून सगळे सापडले. शेजारचं मांजर सापडलं, मावशीचा स्वतःचा पदर सापडला, ऑफिसच्या बुटांसकट मीही सापडलो. सगळ्यात मोठी शिकार म्हणजे एक प्रॉपर्टी डीलर. जागा न्याहाळायला तो मागच्या बाजूनं शिरला आणि घोट्यापाशी अडकला. मावशीनं त्याला तिथंच खुर्ची दिली, चहा दिला, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारलं. "आपको घाई तो नहीं है ना?" असं म्हणत अखेर सोडवलं.

"चांगला बोलत होता," ती मला नंतर म्हणाली. "पुन्हा काही आला नाही."

मग एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "सापडलाय. ये, आणि जाड चादर घेऊन ये."

मी कॅब करून पोचलो, तर कोल्हा मागच्या पायानं अडकून पडलेला. शेजारी मावशीनं त्याला मारायला ठरवून आणलेला सोटा होता, पण तो तिनं पाण्याचं पातेलं त्याच्यापुढं सरकवायला वापरला होता. स्वतः लांब खुर्चीवर बसून ती त्याला रागवत होती. "गप पड. ओढशील तेवढा आवळेल, मूर्खा."

"मावशी, काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? सोडायचा. पाय बघ त्याचा."

मी चादर टाकून त्याला दाबून धरलं. मावशीनं केबल कापली. कोल्हा जरा लंगडला आणि मग झुडपांत दिसेनासा झाला. मावशी लगेच कुंपणाकडे गेली आणि एकेक करून सगळे फास काढायला लागली. उद्या जाळी बसवून घेते, म्हणाली.

"एवढा राग होता ना त्याच्यावर?" मी विचारलं.

ती काढलेल्या केबली गुंडाळायला लागली.

"ते करडू ह्यांनी बाटलीनं वाढवलेलं," ती म्हणाली. "हे गेल्यावर ते रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. ह्यांची फिरून यायची वेळ झाली की. त्याला काय कळणार, नाही का? मग मीही जाऊन उभी राहायचे त्याच्याजवळ." तिनं बंडल खाली ठेवलं. "आता एकटीनं उभं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

त्या संध्याकाळी मी मुद्दाम उशिरा निघालो. फाटकाशी आम्ही दोघं उभे होतो. लोकांनी बघितलं असेल, तर त्यांना वाटलं असेल, मावशी पाहुण्याला सोडायला आली आहे.