सावलीवर पाय नको देऊ

आमच्या ड्रॉइंगच्या पौनीकर सरांनी एकदा भर सडकेवर म्हशीची माफी मागितली. म्हणजे म्हशीच्या सावलीची! सायकल हातात धरून चालले होते, चुकून सावलीवर पाय पडला. थांबले, टोपी काढली, "माफ करजो माय," म्हणाले अन् निघाले. मी अन् कुसुम शाळेतून येऊन राहिलो होतो, डोळ्यानं पाहिलं. शप्पथ!

माणसाच्या सावलीले तर ते वळसाच घालत. उन्हाळ्यात सारं नागपूर दारं लावून झोपलेलं, अन् हे ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात घालून बरोबर बारा वाजता रस्त्यावर. काहून, तर तेव्हा सगळ्यांच्या सावल्या पायाखाली. तुडवायची भीती नाही!

वर्गात टेबलावर मटका ठेवला की ओरडत, "आधी सावली काढा वं पोरीहो! मटका कुठी पळून नाही जात." ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेत कुसुमनं सावली काढली, अशी झक्कास की विचारू नका. तेवढ्यात घंटा झाली. मटका राहूनच गेला. नापास! सर म्हणाले, "सावली पाहून समजाले पाहिजे होतं तपासणाऱ्याइले, मटका आहे म्हणून."

पण ड्रॉइंगच्या खोलीत एकटं जायची कोणाची छाती नव्हती. तिथं भिंतीवर कोळशानं काढलेली एका बाईची सावली होती. अंबाडा, वाकलेली मान, मांडीवर जेवणाचा डबा. समोर रिकामं स्टूल. सर रोज त्या रेघेवरून कोळसा फिरवत अन् स्टुलावर कोणाले बसू देत नसत. बाई कोण, हे विचारायची सोय नव्हती.

मॅट्रिकच्या वर्षी इन्स्पेक्टर साहेब येणार म्हणून हेडमास्तरीणबाईंनी दिवाळीच्या सुटीत साऱ्या शाळेले चुना मारून घेतला. सुटीनंतर सर आले. भिंत पांढरीफट्ट. रेघेच्या जागी हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शेवटच्या तासाले पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की सर एकेका पोरीले स्टुलावर बसवत, मांडीवर डबा देत, अन् स्वतः भिंतीकडे तोंड करून कोळसा धरत. "मान वाकव वं... नाही. हे नाही. दुसरी."

कुसुमनं अफवा उठवली, जिची सावली जुळली तिले ती बाई घेऊन जाते! मग काय, पोरी स्टुलावर मान ताठ करून उंटासारख्या बसू लागल्या.

माझा नंबर आला. मान ताठ ठेवायचं ठरवूनच गेली होती. पण डबा मांडीवर ठेवला अन् मान आपोआप वाकली. मी नाही वाकवली! अन् डबा गरम होता. रिकामा, पण गरम.

सरांचा कोळसा थांबला. "हालू नको वं."

पोरी किंचाळत पळाल्या. एकटी कुसुम दारात राहिली.

"आली का?" सर भिंतीले म्हणाले. मग वळले. माझं तोंड पाहिलं अन् खांदेच पडले त्यांचे. "तू होय, शांते."

"सर, कोण होती ती?"

"घरची माही. रोज डबा घेऊन येत होती. मी म्हणो, थांब थोडी. थांबे बिचारी, अर्धा अर्धा तास. एक दिवस पोरीइले शिकवाले तिचीच सावली काढली. अन् सावली काढाची तर भिंतीकडे तोंड करावं लागते ना वं? तिच्याकडे पाठच होती माही. त्याच हप्त्यात तापानं गेली. आता चेहरा आठवाले जातो, तर सावलीच दिसते. तेही पुसली."

सरांनी कोळसा माझ्या हातात दिला, डबा घेतला अन् स्वतः स्टुलावर बसले. "माही काढ. तिच्याच जागेवर. आज मी थांबतो."

मी भिंतीकडे तोंड केलं. टोपी काढली, नाक काढलं, वाकलेली पाठ काढली. ऊन खाली खाली चाललं होतं. तेवढ्यात सरांच्या सावलीजवळ एक अंबाडा आला.

"कुसुम, सरक ना वं!"

"मी तं दारातच आहे," कुसुम दारातून म्हणाली. अन् मले आठवलं, कुसुमच्या तर दोन वेण्या.

मागे नाही पाहिलं मी. अंबाड्यापासून रेघ सुरू केली.

"सर, हालू नका," मी म्हटलं. "कोणीच हालू नका."