शंभरातला एक

बॉम्बला कुठलंच विमान घेईना, म्हणून त्याच्याविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद त्याच्याकडे आली आणि तान्हाबाई शेळके यांच्या वावरात भरली.

बॉम्ब तसा मोठा नव्हता. पेरूएवढा, शेपटीला तांबडी फीत. एका मोठ्या नळकांड्यातून असे शेकडो सुटतात. बरेचसे पडल्यापडल्या फुटतात, एखाददुसरा राहून जातो. हा राहून गेलेला, चिंचेच्या बुडाशी अर्धा मातीत बसलेला. आला कुठून, ते त्याला आठवत नव्हतं, आणि मंडपातल्या एकाही देशाला आठवत नव्हतं.

तान्हाबाईला एवढंच कळत होतं, की दोन वर्षं वावराला दोरी लागलीय, पेरायला बंदी. शाळूची पेरणी तोंडावर आलेली, आणि सरी पडायची तिथं देशादेशांच्या खुर्च्या.

सगळं जपून चाललं होतं. हातोडा मेजावर आपटायला बंदी होती, म्हणून अध्यक्षबाई तो घडी घातलेल्या वाकळेवर आपटत. आवाज येत नसे, पण निर्णय होत असे. आणि निर्णयाची रीत अशी, की हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. अध्यक्षबाई विचारणार, "कुणाची हरकत?" गप्प बसला त्याचं हो. एकानं जरी तोंड उघडलं, तरी ठराव पडला. ज्याची जागा त्यालाही एक खुर्ची द्यायची, हाही नियमच. तेव्हा तान्हाबाई पदर सावरून खुर्चीच्या टोकावर बसली होती. शेजारी दुभाषी वैजयंती, पोरगी कोल्हापूरकडची.

"मावशी, ठराव असा आहे. शंभरातले नव्व्याण्णव फुटलेच पाहिजेत. एक राहिला तर चालेल."

"चालंल? कुणाला?"

वैजयंतीनं उठून विचारलं. बरेच कागद चाळले गेले. ते अजून ठरलेलं नाही, असं उत्तर आलं.

"मग ह्यो?"

"हा कायदेशीर झाला. इथंच राहील."

मागून सरपंच गुलाबतात्या म्हणाले, "म्हंजे रेशनकार्डातबी नाव घालावं लागंल की त्याचं."

जेवणाच्या सुट्टीत एक उंच साहेब वैजयंतीला घेऊन तान्हाबाईपाशी आले. आधी भाकरीचं कौतुक केलं, मग हळूच मुद्द्यावर आले. बाईंनी गप्प बसावं. मग हा एवढा बॉम्ब खास बाब म्हणून उचलून नेऊ. संध्याकाळी वावर मोकळं.

तान्हाबाईनं हात धुतले आणि दोरीपाशी जाऊन बसली.

"ऐकलंस का रं?"

"ऐकलं," बॉम्ब म्हणाला. "नेत असतील तर जाईन बापडा. एका कुशीवर पडून अंग धरलंय."

"तुझी भावंडं किती?"

"निघालो तेव्हा साडेसहाशे होतो. खाली येताना चुकामूक झाली."

"समदी फुटली?"

"फुटली असती तर आवाज आला असता. पाचसहांचा नाही आला."

"मग कुठं हायेत ती?"

"असतील कुणाच्या तरी वावरात. फितीला भुलून पोरं जवळ येतात, बाई. मी निदान 'मागं व्हा' म्हणतो. त्यांना बोलता येत नाही. मुकीच आहेत."

तान्हाबाई उठली आणि मंडपाकडं गेली.

दुपारी अध्यक्षबाईंनी ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे देश समोरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघू लागले. गुलाबतात्या वाकून पुटपुटले, "तान्हे, गप ऱ्हा. आयतं वावर सुटतंय तुझं." तान्हाबाईनं वावरावरनं एक नजर फिरवली. जमिनीला पेरणीजोगी ओल, घात आलेली होती, आणखी चार दिवसांत निघून गेली असती. अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला.

"हाय," तान्हाबाई उभी राहून म्हणाली. "माझी हाय हरकत."

हातोडा वरच राहिला. "कारण सांगता येईल?"

"बाकीच्या पाचसहा बायकांस्नी इचारलं न्हाई."

वैजयंतीनं ते जसंच्या तसं सांगितलं. कुठल्या बायका, असं कुणी विचारलं नाही. ठराव पडला, तशी नोंद झाली.

दिवस मावळायच्या आत मंडप उतरला. उंच साहेबांनी खास बाब रद्द झाल्याचं सांगितलं, तेही नमस्कार करून. पुढच्या वर्षीची बैठक इथंच, कारण विमानवाल्यांचा विचार बदललेला नाही. दोरी परिषदेच्या मालकीची होती. ती त्यांनी गुंडाळून नेली.

दोरी नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तान्हाबाईनं पेरणीला पाभर जुंपली. चिंचेच्या अंगाला बैल आले, की बॉम्ब सांगे, "आणखी दोन हात लांबनं, बाई."

"बरं," ती म्हणे, आणि बैल वळवी.