पक्कं उत्तर

पूजाला बघायला आलेलं हे चौथं स्थळ. आधीची तिन्ही स्थळं पोहे खाऊन, "कळवतो" म्हणून जी गेली ती गेलीच. पहिल्यांच्या फोनची वाट बघण्यात घरानं अख्खा उन्हाळा घालवला, आणि शेवटी त्या मुलाच्या लग्नाचे फोटोच मोबाइलवर आले. तेव्हा पूजा दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. म्हणून या खेपेला पक्कं उत्तर घेतल्याशिवाय पाहुण्यांना जिना उतरू द्यायचा नाही, असं तिच्या थोरल्या भावानं, रविराजनं, ठरवून टाकलं होतं.

रविराज अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होता. "माल लवकरच पाठवतो" अशा त्याच्या ईमेलांवर साहेब रोज एकेक इंग्रजी शब्द मारून परत पाठवायचे. पूजा क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची, तिनं त्याच्याकडून ते शब्द घोकून घेतले. मोघम ते व्हेग, गुळमुळीत ते वुली, टाळाटाळ ती इव्हेजिव्ह, आणि हो-नाही काहीच न म्हणणारं ते नॉन-कमिटल. "आपल्याकडे हे सगळं एकट्या 'बघू'त मावतं, दादा," असंही ती म्हणाली होती. महिनाभरात शब्द त्याच्या असे अंगवळणी पडले, की तो भाजीवाल्यालाही सोडेना.

पाहुणे देवळाली कॅम्पचे. मुलगा दीपक, त्याचे वडील झुंबरराव आणि आई लंकाबाई.

"लय लांब नाय, स्टेशनच्या जवळच हाय घर," झुंबररावांनी सुरुवात केली.

"जवळ म्हणजे किती?" रविराजनं विचारलं.

"म्हंजे... रिक्षा करावी लागती."

"मग हे व्हेग झालं, काका."

आईनं, वत्सलाबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. "रव्या, पाहुण्यांना पोहे वाढ!"

"आमच्या दीपकला तसं फारसं काही व्यसन नाय हो," लंकाबाई म्हणाल्या.

"'फारसं' वुली आहे, काकू. आणि 'तसं' त्याहून वुली."

लंकाबाईंनी दीपककडे बघितलं. शेवटी दीपकच खाली मान घालून म्हणाला, "तंबाखू. दिवसाला दोन पुड्या."

"पण घरात मदत करतो बरं का," झुंबररावांनी बाजू सावरली. "अधूनमधून."

"शेवटची कधी केली?"

"ही दवाखान्यात होती ना, तवा कुकर लावला त्यानं."

"कोणत्या साली?"

"लॉकडाऊनच्या आधी."

वत्सलाबाईंनी रविराजला हाताला धरून आत ओढलं. "अरे मेल्या, माणसं अशीच बोलतात! झाकली मूठ सव्वा लाखाची असते. बहिणीला जन्मभर घरात बसवायचं आहे का तुला?" त्यांचा आवाज रडवेला झाला. तेव्हा मात्र रविराज वरमला. आपण बहिणीचं भलं करायला गेलो आणि स्थळ घालवून बसलो, असं त्याला खरोखर वाटलं.

तो बाहेर आला तोवर पाहुणे चपला घालत होते. "बरं, येतो आम्ही," झुंबरराव म्हणाले. "कळवतो."

तो शब्द ऐकला आणि रविराजचं डोकं पुन्हा फिरलं. तो दारात आडवा उभा राहिला. "नॉन-कमिटल, काका! काय असेल ते इथंच सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण माझ्या बहिणीला फोनकडे बघत बसवू नका."

मग दीपकनं घसा खाकरला. "मला पसंत आहे. फोटो बघितला तेव्हाच पसंत होती. बाबाच म्हणाले, लगेच हो म्हणू नये, मुलाचा भाव उतरतो."

झुंबरराव छताच्या पंख्याकडे बघू लागले. वत्सलाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि साखरेचा डबा आणायला धावल्या. रविराजला तर दीपकला मिठीच मारावीशी वाटली. चौथ्या खेपेला का होईना, घराला होकार मिळाला होता.

"झालं तर मग!" तो पूजाकडे वळला. "पूजे, तू सांग आता."

पूजा मघापासून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिनं दीपककडे एकदा नीट बघितलं.

"बघू," ती म्हणाली. "कळवते."

"पण म्हंजे कधी?" झुंबररावांनी घाईघाईनं विचारलं.

"लवकरच," पूजा म्हणाली, आणि कपबशा गोळा करून आत गेली.